‘आलेच पाच मिनिटांत!’

मे महिना, दुपारचे साडेबारा, चेन्नईच्या वेलाचेरीतलं एक दुकान. मी आत फक्त कॉफी पावडर आणायला गेले होते. पोडी मागच्या सीटवर होती. गाडी विजेवरची, एसी चालू, इंजिनाचा आवाज नाही की धूर नाही. पोडी म्हणजे आमची कुत्री. रस्त्यावरून उचलून आणलेली, रंग इडलीबरोबरच्या पोडीसारखा तांबूस, म्हणून हे नाव. ‘‘आलेच पाच मिनिटांत,’’ असं मी तिला मराठीतच सांगितलं. कॉफीच्या बिया दळायला वेळ लागला, मग बिलाच्या रांगेत पुढच्या बाईंचं कार्ड चालेना. पंधरा मिनिटांनी दुकानाचा वॉचमन धावत आत आला. ‘‘मॅडम, नाय उळ्ळे इरुक्कु!’’ नाय म्हणजे कुत्रा, उळ्ळे म्हणजे आत. मालवणी वाचकांनी त्या ‘नाय’चा भलता अर्थ घेऊ नये.

बाहेर गाडीभोवती पाच-सहा माणसं जमली होती आणि एकाच्या हातात वीट होती. आत पोडी धापा टाकत होती, जीभ पार लोंबलेली, काचेवर लाळेचे ओघळ. एसी बंद पडला होता. पडला कसला, त्याच्या नियमाप्रमाणे बंद झाला होता. फोनवरच्या ॲपमधून चालू केलेला एसी ठरावीक मिनिटांनी आपोआप थांबतो, ही ओळ मी माहितीपुस्तिकेत वाचलीच नव्हती. वीट घेतलेला माणूस बरोबर होता आणि मी चूक होते. त्या दिवशी पोडी वाचली ती गाडीमुळे नाही, वॉचमन अण्णांमुळे.

त्यानंतर मी हा विषय जरा नेटाने समजून घेतला. चेन्नईत विजेच्या गाड्या आता कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतात, काही तर शेजारच्या श्रीपेरुंबुदूरलाच तयार होतात. घरात कुत्रा किंवा मांजर असलेली मराठी कुटुंबंही इथे कमी नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट रुचणार नाही, पण तीच खरी. बाजारहाट करायची असेल तर कुत्र्याला घरी पंख्याखाली ठेवा. तो कंटाळेल, चप्पल कुरतडेल, शेजारच्या मामी तक्रार करतील, पण जिवाला धोका नाही. गाडीत ठेवायची वेळ ज्या कामांत खरोखर येते ती मोजकीच: जनावरांच्या डॉक्टरकडून परतताना औषधांच्या दुकानात थांबणं, लांबच्या प्रवासातलं जेवण आणि स्वच्छतागृह, वाटेत एखादी सही. पुढचं सगळं अशा दहा-पंधरा मिनिटांच्या कामांसाठी आहे. सिनेमा, लग्नाचं जेवण आणि टी. नगरची साडीखरेदी यांसाठी नाही. तिथल्या रंगनाथन स्ट्रीटवरून पंधरा मिनिटांत परत आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

बंद गाडी किती वेगाने तापते याचा आपला अंदाज नेहमी चुकतो. 2005 साली ‘पीडिॲट्रिक्स’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक साधा, पण डोळे उघडणारा प्रयोग छापून आला. बाहेर 22 ते 36 अंश सेल्सिअस तापमान असलेल्या वेगवेगळ्या दिवशी उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आतलं तापमान मोजलं. बाहेर कितीही असो, तासाभरात आतला पारा सरासरी 22 अंशांनी चढला. त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. खिडक्या बोटभर उघड्या ठेवून पाहिल्या, तरी फारसा फरक पडला नाही. म्हणजे ‘काच थोडी खाली ठेवलीय’ या वाक्याने फक्त मालकाला बरं वाटतं.

आता हे गणित चेन्नईत मांडा. आपल्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यापासून महिना संपत येईपर्यंत ‘अग्नि नक्षत्रम्’ असतं, ज्याला इथे कत्तिरी वेयिल म्हणतात. नुंगंबाक्कमच्या वेधशाळेत 31 मे 2003 रोजी 45 अंशांची नोंद झाली होती. पण एवढं टोक गाठायची गरजच नाही. साध्या 36 अंशांच्या दिवशी बंद गाडी तासाभरात 58 च्या आसपास जाते. त्यात इथला सूर्य अगदी डोक्यावर येतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्यावर चेन्नईत शून्य सावलीचा दिवस असतो, त्या दुपारी विजेच्या खांबाची सावलीसुद्धा पायाशी गोळा होते. नव्या गाड्यांना हौसेने घेतलेलं काचेचं छप्पर असतं, त्यातून हे ऊन थेट मागच्या सीटवर उतरतं. छपराला आतून पडदा असेल तर तो ओढलाच पाहिजे, आणि पुढच्या काचेला चंदेरी आडोसा. काळी फिल्म लावायचा मोह नको. काचांतून किती उजेड आत यायला हवा याचे नियम ठरलेले आहेत आणि पोलीस ते तपासतात.

दुपारी समुद्राचा वारा सुटला की आपल्याला हायसं वाटतं. कुत्र्याला तितकंसं नाही. आपण अंगभर घाम गाळतो, कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या गादीपुरताच. त्याचं सगळं कूलिंग जिभेवर आणि श्वासमार्गावर चालतं. धापा टाकायच्या, ओलावा उडवायचा, रक्त थंड करायचं. हवा आधीच दमट असेल तर ओलावा उडतच नाही, मग तो नुसत्याच धापा टाकत राहतो आणि त्या श्रमाने आणखी तापतो. नागपूरचे 42 अंश आणि चेन्नईचे दमट 36 यांची तुलना करताना आपल्या विदर्भातल्या नातेवाइकांनी हसू नये. कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी 38 ते 39 अंशांच्या थोडं वर असतं आणि 41 च्या पुढे गेलं की अवयवांवर घाला पडायला लागतो. मधलं अंतर दोनच अंशांचं.

चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं तर विचारूच नका. जाहिरातीने घराघरांत पोचवलेला पग, शित्झू, बुलडॉग, आणि मांजरांत पर्शियन यांचा श्वासमार्गच आखूड आणि अडचणीचा. यांना गाडीत एकटं ठेवू नका, एसी असो वा नसो. तसंच म्हातारे, लठ्ठ, हृदयाचा आजार असलेले आणि पिल्लं. देशी कुत्रा काटक असतो, राजपालयम आणि चिप्पिपारै याच मातीतले, आपला मुधोळही उन्हात पळणारा. पण उन्हात पळणं वेगळं आणि काचेच्या पेटीत बसणं वेगळं.

मग विजेच्या गाडीचा फायदा काय? आहे, आणि मोठा आहे. पेट्रोलच्या गाडीत एसी चालू ठेवायचा तर इंजिन चालू ठेवावं लागतं, आणि बंदिस्त तळघरात त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. विजेच्या गाडीत कॉम्प्रेसर थेट मोठ्या बॅटरीवर चालतो. गाडी उभी असो की पळत असो, त्याला फरक पडत नाही. तापलेली गाडी गार करताना तो सुरुवातीला दोन-तीन किलोवॅट ओढतो, मग हवा स्थिरावली की किलोवॅटच्या आसपास येतो. वीजबिलाच्या भाषेत तासाला एक-दीड युनिट. बॅटरी चाळीस युनिटची असेल तर तासाभरात तीन-चार टक्के खर्च. बॅटरी पुरणार नाही ही भीती त्यामुळे बहुतेक वेळा अनाठायी असते. एसी बंद पडतो तो वेगळ्याच कारणांनी.

ती कारणं नीट पाहू, कारण सगळा धोका तिथेच आहे. माझ्या बाबतीत झालं ते पहिलं: ॲपवरून चालू केलेला एसी हा तुम्ही बसण्याआधी गाडी गार करण्यासाठी असतो, आत कुणाला ठेवून जाण्यासाठी नाही. दुसरं, बऱ्याच गाड्या चालक उतरला, दार लॉक झालं किंवा बराच वेळ काही हालचाल नाही असं दिसलं की स्वतःहून झोपी जातात. मग काही लोक दुसरी किल्ली आत ठेवून गाडीला फसवतात. हे करू नका. कुत्र्याच्या पायाने बटणं दाबली जातात, खिडकी उघडते, गाडी चोरीला जाऊ शकते किंवा किल्लीसकट लॉक होऊन बसते. काही कोरियन गाड्यांत ‘यूटिलिटी मोड’ असतो, त्यात गाडी न चालवता मोठ्या बॅटरीवर एसी चालतो, पण तो मुळात माणूस आत बसलेला असताना वापरायचा.

खास पाळीव प्राण्यांसाठी केलेली सोय वेगळी. टेस्लाने फेब्रुवारी 2019 मध्ये ‘डॉग मोड’ आणला. एका मालकाने 2018 च्या शरदात ट्विटरवर इलॉन मस्कला ही कल्पना सुचवली होती. गाडी लॉक केली तरी एसी चालू राहतो, मोठ्या पडद्यावर आतलं तापमान आणि ‘मालक लवकरच येतोय’ अशा अर्थाचा निरोप दिसतो, बॅटरी 20 टक्क्यांवर आली की फोनवर इशारा येतो. रिव्हियन कंपनीनेही पुढे तशीच सोय दिली. जुलै 2025 मध्ये टेस्लाचं दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं, तेव्हापासून ‘डॉग मोड’ हा शब्द आपल्याकडेही ऐकू येऊ लागला. पण 2019 च्याच उन्हाळ्यात एका ग्राहकाच्या लक्षात आलं होतं की पंख्याचा वेग हाताने बदलून ठेवला असेल तर डॉग मोडमध्ये एसी नीट चालत नाही आणि गाडी आतून तापत जाते. कंपनीने तो दोष मान्य करून सुधारला. सांगायचा मुद्दा एवढाच की सॉफ्टवेअर हे शेवटी सॉफ्टवेअर आहे. तुमच्या गाडीत ‘पेट मोड’ आहे की नाही, तो किती वेळ चालतो, दार उघडून बंद केलं की पुन्हा चालू करावा लागतो का, हे विक्रेत्याच्या तोंडी न ऐकता पुस्तिकेत स्वतः वाचा. विक्रेते चांगले असतात, पण होकाराची सवय वाईट.

आणि त्यानंतर रंगीत तालीम करा, कुत्र्याशिवाय. सगळ्या लेखात एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. कडक उन्हाच्या दुपारी नेहमीच्या जागी गाडी उभी करा, नेहमीसारखा एसी लावा, थर्मामीटर मागच्या सीटवर जिथे कुत्रा बसतो तिथे ठेवा, गाडी लॉक करा आणि अर्धा तास शेजारच्या टपरीवर बसा. परत येऊन कमाल आकडा बघा. गाडीच्या पडद्यावरचा आकडा नव्हे, कारण तिचा सेन्सर पुढे डॅशबोर्डजवळ असतो. उंच एसयूव्हीच्या डिकीत किंवा उन्हाच्या बाजूच्या सीटवर पुष्कळ जास्त असू शकतं. आम्ही हे केलं तेव्हा माझा नवरा पुढच्या सीटवर ‘मस्त गार आहे’ म्हणत होता आणि मागच्या कोपऱ्यातला थर्मामीटर वेगळंच सांगत होता.

तालमीचा दुसरा भाग त्याहून महत्त्वाचा. गाडी गार झाल्यावर एसी मुद्दाम बंद करा, दारं लावा आणि पारा 24 वरून 30 ला जायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. तेवढीच तुमची मुदत. एसी बंद पडला हे कळून तुम्ही गाडीपाशी पोचायला लागणारा वेळ त्याच्या निम्म्याहून कमी हवा. तळमजल्यावर गाडी आणि चौथ्या मजल्यावर तुम्ही, मध्ये लिफ्टची रांग, हे या हिशेबात बसत नाही. फोनवर येणाऱ्या इशाऱ्यांवर किती भिस्त ठेवायची तेही तपासा. मॉलच्या तळघरात गाडीला नेटवर्क नसेल तर इशारा निघणारच नाही, आणि तुमचा फोन सायलेंटवर असेल तर निघूनही उपयोग नाही. म्हणून मी ॲपवर न विसंबता फोनमध्ये दहा मिनिटांचा साधा गजर लावते. वाजला की रांग सोडून बाहेर. भाजी परत मिळते.

बॅटरी 30 टक्क्यांखाली असेल तर कुत्र्याला ठेवून जाऊ नका. मोठ्या बॅटरीइतकीच ती छोटी 12 व्होल्टची बॅटरीही बघा. गाडीचं सगळं डोकं तिच्यावर चालतं आणि इथल्या उष्म्यात ती लवकर म्हातारी होते. गाडी चालू होताना कधी पडदे मिणमिणले असतील तर आधी ती बदला.

कुत्रा आत ठेवताना गाडी आधी गार झालेली असू द्या, तापल्या गाडीत त्याला घालून एसीच्या हवाली करू नका. एसी ‘ऑटो’वर, 22 ते 24 अंश. 16 लावल्याने गाडी लवकर गार होत नाही. न सांडणाऱ्या वाडग्यात पाणी. खिडक्यांचं लॉक आणि मागच्या दारांचं चाइल्ड लॉक चालू. गळ्यातला पट्टा सीटला बांधून ठेवू नका, एकटा कुत्रा त्यात अडकून गुदमरू शकतो. मांजर असेल तर जाळीच्या पेटीतच, नाहीतर ती ब्रेकच्या पेडलपाशी जाऊन बसेल आणि तुम्हाला निघताना सापडणार नाही. लहान मूल मात्र यातल्या कुठल्याही मोडवर, एक मिनिटही नाही.

आणि काचेवर कागद, तमिळमध्ये, ठळक अक्षरांत. आमच्यावर लिहिलंय, ‘एसी ओडुदु, नाय नल्ला इरुक्कु’, म्हणजे एसी चालू आहे, कुत्रा मजेत आहे. खाली माझा नंबर आणि गाडी लावल्याची वेळ. शेजारी थर्मामीटर, आकडा बाहेरून वाचता येईल असा. तमिळ लिहिता येत नसेल तर वॉचमन अण्णांकडून लिहून घ्या. त्या निमित्ताने त्यांना माहीतही होतं आणि ते येता-जाता डोकावतात. माझ्या अनुभवात कुठल्याही ॲपपेक्षा हा बंदोबस्त पक्का.

इतकं करूनही उष्माघात झालाच तर पहिली पाच मिनिटं तुमच्या हातात असतात. अखंड जोरजोरात धापा, दाट चिकट लाळ, हिरड्या आधी लालभडक आणि मग फिकट, पाय लटपटणं, उलटी किंवा जुलाब. यातलं काही दिसलं की सावलीत आणा आणि अंगावर पाणी ओता, पोटावर, जांघेत, पायांवर, आणि वारा घाला. ‘गार पाणी लगेच ओतू नका’ हा जुना समज आता मागे पडला आहे. आधी थंड करा, मग दवाखाना गाठा, असं हल्ली पशुवैद्यक सांगतात. चेन्नईत एक अडचण आहे. भर दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी चहाला चालेल इतकं गरम असतं. तेव्हा बाटलीबंद पाणी किंवा दुकानातल्या फ्रीजमधलं पाणी घ्या. ओलं फडकं अंगावर नुसतं पांघरून ठेवू नका, ते वाफ कोंडतं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका आणि माणसांच्या तापाच्या गोळ्या चुकूनही देऊ नका. मग गाडीत एसी पूर्ण सोडून दवाखाना. कुत्रा सावरून शेपूट हलवू लागला तरी न्याच, कारण मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं बिघडलेलं तंत्र काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उघडं पडतं. वेपेरीचं मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय 1903 पासूनचं आहे, त्याचा दवाखाना आणि घराजवळचा एखादा रात्री उघडा असणारा दवाखाना, दोन्हींचे नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा.

दुसऱ्याच्या गाडीत कुत्रा दिसला तर? आधी वाकून बघा. एसीचं पाणी गाडीखाली ठिबकतंय का, कॉम्प्रेसरची घरघर आहे का. विजेच्या गाडीत इंजिनाचा आवाज नसतो म्हणून एसीही बंद आहे असं समजू नका, आणि पाणी ठिबकतंय म्हणून निर्धास्तही होऊ नका, ते एसी बंद पडल्यावरही थोडा वेळ ठिबकतं. कुत्र्याकडे बघा, तोच खरा थर्मामीटर. मॉलमध्ये असाल तर सुरक्षारक्षकाकडून गाडीचा नंबर पुकारून घ्या, कुत्रा लोळागोळा होत असेल तर 112 लावा. कायद्याचा धाक मात्र फारसा दाखवता येणार नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा व्हावा म्हणून झटल्या त्या याच शहरातल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल, आणि 1962 साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं तेही त्यांच्याच अध्यक्षतेखाली, इथेच. वेलाचेरी रोडवरची ब्लू क्रॉस ही संस्था तर 1959 पासूनची. एवढा वारसा, आणि त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड अजून दहा ते पन्नास रुपये. मॉलमधलं पार्किंग त्याहून महाग पडतं.

पावसाळ्यात, म्हणजे इथल्या ऑक्टोबर ते डिसेंबरात, उष्णतेची काळजी कमी होते पण तळघरांची वाढते. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळ येण्याआधी आमच्याकडच्या लोकांनी आपल्या गाड्या वेलाचेरीच्या उड्डाणपुलावर नेऊन लावल्या होत्या. ज्या तळघरात लोक गाडी ठेवायला धजत नाहीत, तिथे पावसाच्या दिवशी कुत्रा ठेवायचा नाही.

उरतो तो मे महिन्यातला पुण्याचा प्रवास. बाराशे किलोमीटरच्या आसपास, वेल्लोर, कृष्णगिरी, बंगळुरू, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर. यातला सगळ्यात कडक टप्पा पहिलाच, कांचीपुरमपासून वेल्लोर-अंबूरपर्यंतचा. म्हणून आम्ही पहाटे चारला निघतो आणि ऊन चढायच्या आत होसूरचा घाट चढून जायचा प्रयत्न करतो. चार्जिंगचे थांबे आता आम्ही चार्जरच्या संख्येवर नाही, छपरावर ठरवतो. चार्जरवर शेड आहे का, शेजारी झाड आहे का. चार्जिंग चालू असताना एसी चालू राहतो का हेही घरी तपासून ठेवलेलं बरं, सगळ्याच गाड्यांत ते सारखं नसतं. गेल्या वेळी निघायला उशीर झाला आणि अंबूरला पोचेपर्यंत अकरा वाजले. अंबूर आलं म्हणजे बिर्याणी आली. गाडीत थर्मामीटर होता, तमिळ कागद होता, बॅटरी सत्तर टक्के होती, सगळी तालीम झालेली होती. तरीही नवरा आत जेवायला गेला आणि मी पोडीजवळ बसले. तो वीस मिनिटांनी आला, मग मी गेले. माझ्या वाटणीचं अंडं पोडीसाठी कागदात बांधून आणलं.